नोंदवहीतले कोरे दिवस

माझा अभ्यास आमच्या सगळ्या घराला तोंडपाठ होता, कारण तो माझ्याआधी दादा वाचायचे. आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, सडकेपासून दीड कोस आत. टपालवाला आठवड्यातून दोनदा यायचा. पाकिटावर माझं नाव ठळक अक्षरांत असायचं, तरी तो पाकीट दादांच्याच हातात ठेवायचा. बाईच्या नावाचं टपाल घरच्या पुरुषाला द्यायचं, हा काही सरकारचा नियम नव्हता. गावाचा होता. दादा म्हणजे विष्णुपंत, माझे थोरले भाऊ, गावच्या शाळेवर मास्तर. मास्तरांना काहीही दिलं तरी ते मोठ्यानंच वाचतात.

पुण्याची एक संस्था टपालानं मधमाशापालन शिकवायची. बारा पाठ होते. प्रत्येक पाठाखाली प्रश्न. उत्तरं लिहून धाडायची, ती तांबड्या शाईनं तपासून परत यायची. शिवाय स्वतः एक पेटी सांभाळून तिची रोजची नोंद वहीत ठेवायची. शेवटी परीक्षक घरी येऊन प्रात्यक्षिक बघणार आणि मग प्रमाणपत्र मिळणार.

माझ्या नवऱ्यानं दुसरी केली त्याला दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून मी दादांकडं. मला कुणी हाकलत नव्हतं, कुणी छळतही नव्हतं. घरात एक जास्तीचं माणूस असलं की निवडणं-टिपणं, पापड-कुरडया आपोआप त्याच्याकडं जातात, तशी मी होते. मग एकोणीसशे एकसष्ट साली कळलं की सास्तूरला बायकांसाठी एक केंद्र निघणार आहे, तिथं मधमाशा शिकवायला बाई हवी आहे, आणि त्या बाईला राहायला स्वतंत्र खोली मिळणार आहे. प्रमाणपत्र मात्र येत्या श्रावणापर्यंत हजर करायचं. सोलापूरला मावशीकडं राहून मी मराठी सातवी झालेली होते. बाकी कशातच माझी पात्रता नव्हती. पण ती खोली मला हवी होती. दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप असलेली, किल्ली माझ्याच कमरेला असलेली खोली. इतकी हवी होती की माशांची भीती वाटायचीसुद्धा मी विसरून गेले.

पेटी पुण्याहून यष्टीच्या टपावरून आली. माशा मात्र गावातल्याच. आमचं रान बटईनं करणारा बलभीम एक दिवस म्हणाला, "ताई, वरल्या हिरीच्या कपारीत सातेरी हाय बगा. लई गरीब माशी. पन तुमी म्हंता जाळायचं न्हाय. मंग काडायचं कसं?"

त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडं मोहोळ काढायचं म्हणजे टेंभा लावायचा, माशा भाजायच्या आणि पोळं हातानं पिळायचं. मधाबरोबर अळ्याही पिळल्या जातात. तोच मध घरोघर देवाच्या पंचामृतात पडतो. हे मी पाठ वाचून एकदा वहिनीला सांगितलं, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी विहिरीच्या कपारीशी गोवरीचा धूर दिला, पोळी अलगद कापली, चौकटींना सुतानं बांधली, आणि संध्याकाळी राणीसकट अख्खं मोहोळ माझ्या पेटीत होतं. बलभीम नुसता बघत राहिला. "एकबी मेली न्हाय व्हय?" त्यानं तीनदा विचारलं.

पेटी परसात लिंबोणीखाली ठेवली. नोंदवही पहिल्या दिवसापासून सुरू केली. माशा किती वाजता बाहेर पडल्या, पराग कुठल्या रंगाचा, राणी दिसली की नाही. दर तीन महिन्यांनी वहीची नक्कल पुण्याला धाडायची होती. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबरात करडई फुलली आणि माशांच्या पायांना पिवळेधमक गोळे लागायला लागले. मी खुशीत होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पत्र आलं. आम्ही जेवायला बसलो होतो. दादांनी ते नेहमीप्रमाणं वाचायला घेतलं.

"आपल्या वहीत ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर या तिन्ही महिन्यांत प्रत्येकी चार दिवस कोरे आहेत. अटीप्रमाणे सलग एकशे ऐंशी दिवसांची नोंद आवश्यक असल्याने आतापर्यंतची नोंद ग्राह्य धरता येत नाही. दिवस कोरे राहण्याचे कारण..."

इथं दादांचा आवाज बसला. "कारण कळवावे" हे त्यांनी जवळजवळ आमटीला सांगितलं. वहिनीनं मान खाली घातली.

कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्याचे ते चार दिवस आमच्या घरात बाईनं पडवीत बाजूला बसायचं. वेगळं ताट, वेगळी चटई, कशाला हात लावायचा नाही. पोरांना सांगायचं, कावळा शिवला. मला जन्मात कधी कावळा शिवला नाही. पण पेटीतला मध देवाला जाणार, म्हणून त्या दिवसांत पेटीच्या आसपासही फिरकायचं नाही, असं वहिनीनं बजावलं होतं आणि मी ते मुकाट्यानं ऐकलं होतं. तिथंच माझे तीन महिने पाण्यात गेले.

"प्रकृती बरी नव्हती असं लिहू," दादा म्हणाले.

"दर महिन्याला? नेमके चार दिवस?"

"मग ते दिवस भरून टाक की. माशा काय करतात? जातात, येतात. पुण्याहून कोण बघायला बसलंय?"

शेजारच्या पाटीवरचं बघून लिहिलं तर पोराचा कान पिळणारे माझे दादा! खोटं कशाला सांगू, घटकाभर मलाही वाटलं, भरून टाकावं. बारा दिवस, बारा ओळी. हात धुवून मी वही उघडलीसुद्धा. पण ते कोरे चौकोन बघितले आणि माझं डोकंच फिरलं. हे दिवस मी आळसानं कोरे ठेवले नव्हते. ते माझ्याकडून काढून घेतले होते, आणि आता काढून घेतलेले दिसू नयेत म्हणून मीच त्यावर रंगसफेदी करायची? मी वही मिटली.

"उद्यापासून पहिला दिवस धरते," मी म्हटलं. "आणि ह्यापुढं एकही दिवस कोरा जाणार नाही. एकही म्हणजे एकही."

वहिनीला कळायला वेळ लागला नाही. "वन्सं, पापडसुद्धा लाल पडतात हो हात लागला तर. ह्या तर जिवंत माशा. उठून जातील."

"गेल्या तर बघू."

"आणि तुम्ही तिथं असताना ह्यांना सोवळ्यात पाणी न्यावं लागतं परसातून. पूजेचं."

दादांनी मग तोडगा काढला. मास्तरांना तोडग्याची भारी हौस. त्या चार दिवसांत मी सकाळी परसात यायचं नाही. दुपारी बारानंतर सगळे लवंडले की खुशाल जावं, पेटी उघडावी, नोंद करावी. कुणाला दिसायला नको, कुणाला शिवायला नको. त्या मोहोळातला मध देवाला मात्र जाणार नाही. मला वाटलं, चला, जिंकलो. मी कबूल केलं. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलणार नाही.

जानेवारीच्या अखेरीस पहिल्यांदा भर दुपारी, बाजूला बसलेली असताना, मी पेटीचं झाकण काढलं. त्याआधी हात दोनदा मागं घेतला होता, हे कबूल करते. इतक्या वर्षांची सवय दोन मिनिटांत जात नाही. माशांनी मात्र माझी दखलही घेतली नाही. पेटीतल्या हजारो कामकरी माशा, सगळ्या बायकाच. त्यांच्यात बाजूला कुणी बसत नाही. बसली तर पोळ्याचं काम कोण करणार?

शेजारच्या मथुराबाई महिनाभर रोज गडग्यावरून डोकावायच्या. "हायेत का गं अजून?" "आहेत, मथुराबाई." त्यांचा इतका हिरमोड व्हायचा की मलाच वाईट वाटायचं. फेब्रुवारी झाला, मार्च झाला. कडुनिंब मोहरला, मोहोळ दुप्पट झालं. वही भरत होती.

मग मे उजाडला. दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. सातव्या पाठात साफ छापलेलं होतं की उन्हाळ्यात पेटी फक्त सकाळीच उघडावी. मेण ऊन लागून मऊ पडतं, पोळं चौकटीतून निसटतं. मला ते पाठ होतं. पण मे महिन्याच्या विसाव्या तारखेला माझा पहिला दिवस होता आणि मी दादांच्या तोडग्याला बांधलेली होते. भर बाराला पेटी उघडली. चौकट उचलली आणि अख्खं पोळं माझ्या डोळ्यांदेखत खाली गळलं. मध, अळ्या, माशा, सगळ्याचा रेंदा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग पेटीत शिरली होती, आणि दहाच्या सुमाराला मोहोळ उठलं.

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. सगळं परस घुमायला लागलं. काळा ढग लिंबोणीवरून वर गेला, घरावरून पलीकडं गेला. मी पडवीतून तशीच धावले. वाटेत मथुराबाईंनी डोळे मोठे करून म्हटलं, "गेल्या न्हवं? म्या म्हनलं व्हतं!" त्यांच्या आवाजात काय आनंद होता! वही एकशे सत्तावीस दिवस भरली होती. माशा गेल्या की नोंद संपली, परीक्षा संपली, खोली संपली.

मोहोळ ओढ्याकाठच्या महादेवाच्या आवारात बेलाच्या फांदीला जाऊन लटकलं. सोमवार होता. आवारात वीसेक माणसं होती, आणि दादा आत अभिषेकाला बसलेले. उठलेलं मोहोळ एका जागी फार वेळ थांबत नाही. घटकाभरात पुढं उडतं आणि मग सापडत नाही. गावात ते धरायला येणारं दुसरं कुणी नव्हतं. मी घरी पळत गेले, रिकामी पाटी, पाण्याचा तांब्या आणि जुनं लुगडं घेतलं आणि परत आले. आवाराच्या दाराशी थांबले. पाऊल उचलत नव्हतं. देवाची भीती नव्हती ती. माणसांची होती. मग मलाच माझा राग आला.

"ऐका," मी दारातूनच ओरडले. "मी विटाळशी आहे. आज दुसरा दिवस. सांगून आत येतेय. मागाहून कुणी म्हणायला नको, चोरून आली."

एक बाई घागर तिथंच ठेवून मागं सरली. दादा सोवळं सावरत गाभाऱ्यातून बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"वनू, मागं फीर. देवाचं आवार आहे."

"फिरते. तुम्ही धरा मोहोळ. मी इथूनच सांगते कसं धरायचं ते."

दादांनी वर बघितलं. फांदीवर हातभर लांब, जिवंत, हलतं मोहोळ होतं. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं.

"तुम्ही कुणी धरता?" मी सगळ्यांना विचारलं. एवढी माणसं, एकजण पुढं येईल तर शपथ.

देवळाची देखभाल महांतप्पा करायचा. म्हातारा लिंगायत, कोपऱ्यात बसून बेलाची पानं निवडत होता. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. "मास्तर, आमा लिंगवंतात ह्यो इटाळ मानत न्हाईत," तो म्हणाला. "बर्री ताई, या आत. शिडी पायजे का?"

मी आत गेले. महांतप्पानं शिडी धरली. मी मोहोळावर पाणी शिंपडलं, पाटी खाली धरली आणि फांदीला एक हिसका दिला. माशा ढिगानं पाटीत पडल्या. काही हातावर, काही मानेवर, एक थेट पापणीवर. चार ठिकाणी डंख बसले. मला कळत होतं की सगळं गाव माझ्याकडं बघतंय आणि मी तशी उंचावर उभी आहे, उघड, भर सकाळी. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पाटीवर लुगडं झाकलं आणि उतरले.

गावात झालं ते झालंच. दादांनी आवार धुवून घेतलं, घरात गोमूत्र शिंपडलं. चार दिवस माझ्याशी कुणी शब्द बोललं नाही. माशा विटाळानं उठल्या, हे मथुराबाईंनी गावभर केलं. मी मात्र त्या रात्रीच्या जेवणाआधी वही उघडून लिहिलं:

"२१ मे. दिवस एकशे अठ्ठावीसावा. मी बाजूला बसलेली असल्याने सकाळी पेटीपाशी जाण्यास घरात मनाई होती. म्हणून काल भर दुपारी पेटी उघडली. पोळे गळाले, मुंग्या लागल्या, मोहोळ उठले. मनाई मोडायची तर ती सकाळीच मोडायला हवी होती. अर्धी पाळली, हे चुकले. महादेवाच्या आवारातून मोहोळ धरून परत पेटीत घातले. राणी सुखरूप."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दादा सोवळ्यात पाणी नेत असताना, मी पेटीपाशी उभी होते. त्यांनी बघितलं, थबकले, आणि लांबून वळसा घालून गेले. नंतर रोज तसेच गेले.

जुलैत एकशे ऐंशी दिवस भरले, आणि सोळा तारखेला परीक्षक आले. नारायणराव नाव. कोट, टोपी, जाड भिंगांचा चष्मा. बलभीमानं त्यांना अणदूरच्या फाट्यावरून गाडीतून आणलं. माणूस सज्जन होता. ओसरीवर बसून त्यांनी वही पानन् पान वाचली, मध्येमध्ये "वा" म्हणाले. मेच्या पानावर थांबले.

"बाई, नोंद फार चांगली आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "ही दोनतीन वाक्यं तेवढी खोडून टाका. वही पुण्याला मंडळापुढं जाते. तिथं सगळे पुरुष आहेत."

"वाक्यं खोटी आहेत का?"

"तसं नव्हे. पण ती माशांविषयी नाहीत."

"मग मे महिन्यात भर दुपारी पेटी का उघडली, ह्याचं कारण काय लिहू? मी मूर्ख आहे असं?"

"घरगुती कारण लिहा. गुण कमी होतील हो उगाच. कदाचित मंडळ नापाससुद्धा करेल."

दादा दारात उभे होते. ते डोळ्यांनी मला विनवत होते, लिही बाई, लिही. सास्तूरची ती खोली मी मनात हजारदा उघडली होती. ती इथं, ह्या ओसरीवर जात होती.

"नाही खोडणार," मी म्हटलं. "नापास करायचं तर करा."

नारायणरावांनी सुस्कारा टाकला. "बरं. प्रात्यक्षिक बघू. पेटी उघडून राणी दाखवा."

आम्ही परसात गेलो. मी धुराडं पेटवलं, झाकणाला हात घातला आणि थांबले.

"आणखी एक सांगते. आज माझा पहिला दिवस आहे."

ते एक पाऊल मागं सरले. ठरवून नव्हे. पाय आपोआप गेले. कोटाच्या आत त्यांचा हात जानव्याकडं गेलेला मी पाहिला. मागं दादांनी डोळे मिटून घेतले होते.

मी चौकट उचलली, उजेडाकडं धरली. "राणी डाव्या कोपऱ्यात आहे," मी म्हटलं. "पण तिथून नाही दिसायची. बघायची असेल तर जवळ यावं लागेल."

माशा शांतपणे फिरत होत्या. नारायणराव पेटीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मग त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला, आणि पुढं आले. इतके पुढं की त्यांच्या कोटाची बाही माझ्या हाताला लागली.

"दिसली," ते म्हणाले. "तरुण आहे. छान."

श्रावणात पाकीट आलं. टपालवाल्यानं ते दादांना दिलं आणि दादांनी वाचलं. मी दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाले होते, आणि सास्तूरला तेवढं पुरत होतं. नोंदवहीचे बारा गुण वजा केले होते. शेरा होता, "अप्रस्तुत मजकूर."

"दोनतीन वाक्यं खोडली असतीस तर पहिला वर्ग होता, वनू," दादा म्हणाले. रागानं नव्हे. त्यांना खरंच हळहळ वाटत होती.

"बारा गुण जाऊ देत, दादा. महिन्याचे चार दिवस मिळाले."

दादा पाकीट माझ्या हातात देऊन शाळेत गेले. वहिनी त्या दिवशी पडवीत बाजूला बसलेली होती, गुडघे जवळ घेऊन, वेगळ्या चटईवर. मी भाताचं ताट तिच्यापुढं नेलं. नेहमीसारखं लांबून सरकवलं नाही. तिच्या हातात दिलं. तिनं दचकून माझ्याकडं बघितलं, पण ताट खाली ठेवलं नाही.

"वन्सं," तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "तिथं सास्तूरला, तुमच्या खोलीत, ह्या दिवसांत स्वयंपाक कोण करणार?"

"मीच करणार, वहिनी."

ती ताट हातात धरून तशीच बसली. "आणि कुणी काही म्हणणार नाही?"

"म्हणतील की," मी म्हटलं. "दार माझं असेल."